जीवदयेचा योग्य काळ : मादी श्वानांचे ऋतुचक्र आणि निर्बीजीकरण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गंगापूर रोड, नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

जीवदया हा जैन धर्माचा प्राण आहे. पांजरापोळ, पाणपोई, पक्ष्यांसाठी दाणा, पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचा आग्रह, ही या समाजाची शतकानुशतकांची ओळख आहे. नाशिकच्या पंचवटी पांजरापोळेचा वारसा एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. गंगापूर रोडवर अशोकस्तंभापासून सोमेश्वरापर्यंत वसलेल्या वसाहतींत आजही कित्येक घरांतून पहिली पोळी गाईसाठी आणि शेवटची पोळी दाराशी बसलेल्या कुत्र्यासाठी बाजूला काढली जाते. ही पोळी पुण्याची आहे, यात शंका नाही. परंतु ती पोळी खाणारी कुत्री काही महिन्यांनी पाच-सहा पिल्लांसह त्याच दाराशी येते, आणि त्यांतील बहुतेक पिल्ले वर्षाच्या आत थंडीने, रोगाने किंवा वाहनाखाली संपतात. पोळी देणाऱ्या हातांची जबाबदारी येथे संपते की येथे सुरू होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

श्वानांचा प्रश्न आणि जैन समाज यांचे नाते नवे नाही. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली. जूनच्या आरंभी पारशी समाजाने या हत्येविरुद्ध उठाव केला, दुकाने बंद झाली, कोटातील रसद अडली आणि हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबई पांजरापोळेची स्थापना केली. मुक्या जीवाला मारण्यापेक्षा त्याला आसरा द्यावा, ही त्या काळाची उत्तम दृष्टी होती.

तथापि शहरे वाढली आणि आसऱ्याची क्षमता अपुरी पडली. पालिकांनी पुन्हा हत्येचा मार्ग धरला. मुंबईत तो १९९४ मध्ये थांबला व त्याची जागा निर्बीजीकरणाने घेतली. २००१ मध्ये केंद्र सरकारने श्वानांच्या जननियंत्रणाचे नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. निर्बीजीकरण व लसीकरण करून श्वानाला त्याच्या मूळ जागी परत सोडावे, हे या नियमांचे मुख्य सूत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश प्रथम दिला. त्याच महिन्याच्या २२ तारखेस तो बदलून रेबीजग्रस्त व आक्रमक श्वान वगळता बाकीच्यांना शस्त्रक्रियेनंतर मूळ ठिकाणी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतून श्वान हलवून त्यांना तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला. समाजाचा संयम संपत चालला आहे, हे यावरून दिसते. निर्बीजीकरणाचे काम जेथे मागे पडते तेथे लोकांच्या मनात पुन्हा पिंजऱ्याचा आणि विषाचा विचार येतो.

आता मूळ शंकेकडे वळणे आवश्यक आहे. अनेक श्रावक प्रामाणिकपणे विचारतात की, निरोगी प्राण्याचा अवयव काढणे ही हिंसा नव्हे काय? ही शंका उथळ नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध, वध, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध यांच्या बरोबरीने छविच्छेद, म्हणजे अवयवाचा छेद, हाही एक आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म येते. प्राण्यांना खच्ची करणे, डाग देणे असा त्याचा अर्थ परंपरेने केला आहे. म्हणून जो श्रावक शस्त्रक्रियेचे नाव काढताच थबकतो, त्याला मागासलेला म्हणणे योग्य नव्हे. त्याच्या थबकण्यामागे शास्त्राचा संस्कार आहे.

परंतु त्याच शास्त्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला प्रमुख स्थान दिले आहे. प्रमत्त योगाने, म्हणजे कषायाने किंवा बेपर्वाईने, प्राणांचा घात होणे ही हिंसा. निर्लांछन कर्माचा निषेध उपजीविकेच्या धंद्यांच्या यादीत आहे; बैलाने जास्त ओढावे म्हणून, आपल्या नफ्यासाठी केलेला तो छेद होय. वैद्य शरीर चिरतो तेव्हा त्याला कोणी हिंसक म्हणत नाही, कारण त्याचा हेतू रक्षणाचा असतो आणि कृतीत यतना असते. मादी श्वानाच्या शस्त्रक्रियेत हेतू रक्षणाचा असेल, तर पुढचा प्रश्न यतनेचा उरतो. आणि या शस्त्रक्रियेतील यतना मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे काळ. चुकीच्या वेळी केलेली शस्त्रक्रिया जीवावर बेतू शकते, गर्भातील जीवांचा घात करू शकते किंवा दूध पिणाऱ्या पिल्लांना पोरके करू शकते. योग्य वेळी केलेली तीच शस्त्रक्रिया यांपैकी काहीही करीत नाही. म्हणून ऋतुचक्राचे ज्ञान ही श्रावकाच्या दृष्टीने केवळ वैद्यकीय माहिती राहत नाही, ती अहिंसेची अट ठरते.

मादी श्वान साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. लहान जातींत हा काळ लवकर, तर मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत किंवा क्वचित त्याहूनही उशिरा येतो. त्यानंतर सरासरी सहा-सात महिन्यांनी हे चक्र पुन्हा येते. त्याच्या चार अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत योनीभागाला सूज येते व रक्तमिश्रित स्राव होतो. ही अवस्था सरासरी नऊ दिवसांची असते. नर मागे लागतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. दुसरी अवस्था खऱ्या माजाची. तीही सरासरी नऊ दिवस टिकते. स्राव फिकट होतो आणि मादी नराचा स्वीकार करते. तिसऱ्या अवस्थेत, सुमारे दोन महिने, शरीरात गर्भधारणेस पोषक असा प्रोजेस्टेरॉन हा अंतःस्राव चढा राहतो, मग गर्भ राहिलेला असो वा नसो. चौथी अवस्था विश्रांतीची. चार-पाच महिने गर्भाशय व अंडाशय शांत असतात.

येथे अनेक घरांत एक गैरसमज आढळतो. रक्तस्राव थांबला की धोका टळला, असे समजून कुत्रीला मोकळे सोडले जाते. वास्तविक स्राव फिकट होण्याचा काळ हाच गर्भधारणेचा काळ असतो. म्हणून सूज दिसल्यापासून पूर्ण तीन आठवडे, आणि शंका असल्यास चार आठवडे, तिला एकटीला बाहेर सोडू नये. गर्भ राहिल्यास सुमारे ६३ दिवसांत ती विते. स्त्रियांप्रमाणे श्वानांत पाळी कायमची थांबण्याचे वय नसते. म्हाताऱ्या कुत्रीलाही गर्भ राहू शकतो.

आता शस्त्रक्रियेच्या वेळेचा विचार करू. या शस्त्रक्रियेत बहुधा अंडाशय व गर्भाशय दोन्ही काढतात. माजाच्या काळात या अवयवांचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि ऊती ठिसूळ असतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. माज संपल्यावर लगेच शस्त्रक्रिया केल्यास प्रोजेस्टेरॉन एकाएकी उतरतो आणि कुत्रीला खोट्या गर्भाची लक्षणे दिसू शकतात. ती दूध धरते, अस्वस्थ होते, एखादे खेळणे किंवा चिंधी पिल्लाप्रमाणे जपते. म्हणून माजानंतर दोन ते तीन महिने थांबून, विश्रांतीच्या अवस्थेत शस्त्रक्रिया करणे हे उत्तम. व्यायलेल्या कुत्रीच्या बाबतीत पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची होऊन अंगावरून तुटावीत, दूध आटावे आणि मगच तिला न्यावे. गाभण कुत्रीबद्दल २००१ च्या नियमांत स्पष्ट तरतूद होती की, गर्भ कोणत्याही अवस्थेत असला तरी गर्भपात करू नये आणि ती विईपर्यंत तिला सोडून द्यावे. श्रावकाने हे बंधन स्वतःच्या मनाशी कायमचे बांधून घ्यावे.

पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केली तर आणखी एक लाभ आहे. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या तुलनेत पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मादीला स्तनांच्या कर्करोगाचा धोका अवघा अर्धा टक्का, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन माजांनंतर २६ टक्के उरतो. २०१२ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी अशा अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नसल्याचे मत नोंदवले. तेव्हा आकड्यांचा बाऊ करू नये. परंतु पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा आजार, याविषयी मतभेद नाहीत. माजानंतर काही आठवड्यांनी मध्यम वयाच्या मादीत तो उद्भवतो; ती खूप पाणी पिते, खाणे सोडते, मलूल होते आणि वेळीच उपचार न झाल्यास दगावते. गर्भाशय काढलेल्या मादीला हा धोका जवळजवळ राहत नाही. "एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, तब्येतीला चांगले" ही समजूत मात्र निराधार आहे.

घरात पाळलेल्या मोठ्या जातींबाबत थोडा वेगळा विचार करावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत फार लहान वयात शस्त्रक्रिया झाल्यास सांध्यांचे विकार वाढतात, तर लहान जातींत तसा फरक दिसत नाही, असे त्यातून पुढे आले. काही माद्यांना शस्त्रक्रियेनंतर पुढे लघवीवर ताबा न राहण्याचा त्रासही होतो. म्हणून मोठ्या जातीची कुत्री घरात सुरक्षित असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण एक वर्ष किंवा अधिक, थांबण्याचा सल्ला पशुवैद्य देऊ शकतात. रस्त्यावरील देशी कुत्रीला मात्र थांबणे परवडत नाही. तिला राखण करणारे दार नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास, पहिल्या माजापूर्वी, तिची शस्त्रक्रिया होणे हेच तिच्या हिताचे.

काही कुटुंबे शरीराला शस्त्र लावणे नको म्हणून माज थांबविणारी हार्मोनची इंजेक्शने देतात. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे, पण या इंजेक्शनांनी पायोमेट्रा व स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. छेद टाळण्याच्या प्रयत्नात रोग देणे, हे यतनेत बसत नाही.

आता रस्त्यावरील कुत्र्यांच्या पंचांगाकडे पाहू. पाळीव कुत्री वर्षाच्या कोणत्याही महिन्यात माजावर येते, परंतु भारतातील मोकाट श्वानांत पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून शरद ऋतूपर्यंतचा काळ प्रमुख असतो, हे जयपूर व बंगालमधील निरीक्षणांतून दिसून आले आहे. महाराष्ट्रातील खेडुताला हे निरीक्षण नवे नाही; कुत्र्यांचा भादवा तो पिढ्यान्पिढ्या ओळखतो. योगायोग असा की, हाच भाद्रपद पर्युषणाचा आहे. श्वेतांबर परंपरेत भाद्रपद शुद्ध चतुर्थीस संवत्सरी होते आणि पंचमीपासून दिगंबर परंपरेचे दशलक्षण पर्व सुरू होते. ज्या दिवसांत आपण सर्व जीवांची क्षमा मागतो, त्याच दिवसांत आपल्या गल्लीतील कुत्री गाभण राहते, आणि कार्तिकात दिव्यांच्या उजेडाबरोबर पिल्लांचे केकाटणे ऐकू येऊ लागते.

या पंचांगाचा हिशेब सरळ आहे. कार्तिकात व्यायलेल्या कुत्रीची पिल्ले पौषाच्या आसपास अंगावरून तुटतात आणि माघ-फाल्गुनापर्यंत तिचे दूध आटून ती विश्रांतीच्या अवस्थेत येते. कार्तिकात जन्मलेली मादी पिल्ले वैशाखात, अक्षय तृतीयेच्या सुमारास, सहा महिन्यांची होतात. म्हणजे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा काळ आई आणि मुलगी दोघींनाही योग्य ठरतो. न गर्भ, न दूध, न माज. महावीर जन्मकल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीस येते, ते याच काळाच्या मध्यावर. आषाढात चातुर्मास बसण्यापूर्वी परिसरातील माद्यांचे काम उरकले, तर भाद्रपद शांत जातो आणि पावसाच्या चिखलात टाके चिघळण्याची भीतीही राहत नाही. उन्हाळ्यात मात्र सावली व भरपूर पाणी यांची सोय करावी लागते. अर्थात प्रत्येक कुत्री या पंचांगाने चालतेच असे नाही. म्हणून पकडल्यावर पशुवैद्याने तपासूनच निर्णय घ्यावा.

हे सर्व कशासाठी, तर पिल्लांसाठी. एका कुत्रीपासून काही वर्षांत हजारो कुत्री होतात, असे आकडे सांगितले जातात. ते खरे नाहीत, कारण तितकी पिल्ले जगतच नाहीत. सत्य याहून दुःखद आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६४ मोकाट पिल्लांची नोंद ठेवली होती. प्रजननक्षम वयापर्यंत त्यांतील केवळ १९ टक्के पिल्ले पोहोचली. पाचांतील चार गेली, आणि मृत्यूंचा मोठा भाग माणसांमुळे झाला होता. म्हणजे दर कार्तिकात आपल्या दाराशी जन्मणाऱ्या पाच जीवांपैकी चार मरण्यासाठीच येतात. निर्बीजीकरणाने कोणाचा जीव घेतला जात नाही. या अटळ मरणांची रांग थांबते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने सुमारे २५ हजार श्वानांचे निर्बीजीकरण व लसीकरण केले. त्यांत भर माद्यांवर होता. सुमारे दोन तृतीयांश माद्यांपर्यंत काम पोहोचल्यावर त्या भागातील श्वानसंख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांमधील रेबीजचे रुग्ण तेथे शून्यावर आले. एकाही निरोगी श्वानाला न मारता हे घडले. १८३२ च्या मुंबईला जे उत्तर ठाऊक नव्हते, ते आज उपलब्ध आहे.

मग गंगापूर रोडवरील साधर्मिकांनी काय करावे? निर्बीजीकरणाची कायदेशीर जबाबदारी स्थानिक पालिकेची आहे. परंतु कोणती कुत्री केव्हा माजावर आली, केव्हा व्याली, हे पालिकेच्या गाडीला कळत नाही. ते रोज पोळी घालणाऱ्यालाच कळते. म्हणून पहिले काम वहीचे. व्यापारी समाजाला वही लिहिणे शिकवावे लागत नाही. प्रत्येक वसाहतीत एका वहीत तेथील माद्यांची नोंद असावी : रंग व खूण, अंदाजे वय, शेवटच्या माजाचा महिना, विण्याचा महिना, शस्त्रक्रिया व लस यांची तारीख. कानाला छोटा काप दिसल्यास तिची शस्त्रक्रिया झालेली आहे, असे समजावे व तिला पुन्हा पकडू देऊ नये.

दुसरे काम सोबतीचे. पोळी घालणाऱ्याच्या हाकेला कुत्री विश्वासाने येते; त्यामुळे जाळ्याची झटापट टळते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिला खाऊ घालू नये, कारण भुलीखाली उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. किती तास उपाशी ठेवावे व पाणी केव्हा बंद करावे, हे पशुवैद्याला विचारावे. ज्या समाजाला चौविहार ठाऊक आहे, त्याला एका रात्रीचा हा संयम कठीण नाही.

तिसरे काम शुश्रूषेचे. शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस स्वच्छ कोरडी जागा, वेदनाशामक औषध, टाक्यांची तपासणी आणि वेळेवर अन्न यांवर तिचे बरे होणे अवलंबून असते. यतनेची खरी परीक्षा येथे होते. ट्रस्टच्या जीवदया निधीतून या शुश्रूषेचा व औषधांचा भार उचलला गेला, तर सुवर्णमहोत्सवाच्या शोभेहून ते अधिक शोभून दिसेल. चौथे काम संयमाचे. पैसे मोजून पिल्लू आणणे म्हणजे पिल्लांसाठी माद्यांना वारंवार गर्भवती ठेवणाऱ्या धंद्याला हातभार लावणे होय. घरात श्वान हवाच असेल तर दारातल्या देशी पिल्लाला जागा द्यावी.

ज्यांच्या मनात अजून शंका आहे त्यांनी ती दडपू नये. चातुर्मासात येणाऱ्या गुरुभगवंतांसमोर ती सविनय मांडावी आणि त्यांच्या मार्गदर्शनाने निर्णय घ्यावा. मात्र शंका विचारताना केवळ कुत्रीच्या पोटावरील टाके डोळ्यांसमोर ठेवू नयेत. कार्तिकातील ती पाच पिल्लेही ठेवावीत. छविच्छेदाचा दोष जसा तोलायचा, तसा प्रमादाचाही तोलायचा. आणि शस्त्रक्रिया करावयाचीच असे ठरले, तर ती गर्भ, माज आणि दूध हे तिन्ही टाळून, फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात, जाणत्या पशुवैद्याच्याच हातून व्हावी.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला त्यांनी मुक्या जीवांसाठी दार उघडे ठेवले. त्या दाराशी येणाऱ्या कुत्रीला पोळी मिळतेच आहे. येत्या चैत्रापासून तिला तिच्या योग्य काळी उपचारही मिळावा, एवढीच विनंती. जय जिनेंद्र.